एचआयव्हीची चाचणी: परचा काढण्यापासून निकालानंतरच्या पहिल्या वर्षापर्यंत

२०१३ च्या पावसाळ्यात माझ्या उजव्या बरगडीवर नागीण उठली. शेजारच्या आजींनी गेरू लावायला सांगितला, आईने कुणाकडून तरी मंतरलेलं पाणी आणलं, आणि चौथ्या दिवशी आग सहन होईना तेव्हा मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी औषध दिलं आणि म्हणाले, "चौतीस वर्षांच्या धडधाकट माणसाला नागीण झाली की मी एक तपासणी करून घ्यायला सांगतो." कुठली, ते त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, तोंडाने उच्चारलं नाही. ती चिठ्ठी पाकिटात घालून मी पुढचे सात आठवडे हिंडलो.

त्या सात आठवड्यांत मला विषाणूची भीती वाटत नव्हती, त्याच्याबद्दल मला काही ठाऊकच नव्हतं. भीती एवढीच होती की एम. वाय. या सरकारी रुग्णालयाच्या रांगेत कुणी ओळखीचं भेटेल. इंदूर मोठं आहे, पण आपलं मराठी इंदूर लहान आहे. रामबाग, लोकमान्य नगर, तिलक नगर, राजेंद्र नगर, कुठलीही दोन घरं घ्या, मधे एखादी आत्या नाहीतर एखादी सोयरीक निघतेच. गणपतीच्या मंडपात आरतीआधी निघालेली गोष्ट विसर्जनापर्यंत सगळ्या घरी पोचलेली असते.

आज बारा वर्षं मी रोज एक गोळी घेतो, नोकरी करतो, घर चालवतो. या काळात ओळखीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांबरोबर चाचणीला गेलो. प्रत्येकाचा पहिला प्रश्न "मी मरेन का" हा नव्हता, "कुणाला कळेल का" हा होता. म्हणून हा लेख त्या प्रश्नाचा हात धरूनच लिहितो आहे: प्रत्येक पायरीवर काय होतं आणि ते कुणाला कळतं. माझं नाव लिहीत नाही. मुलगी शाळेत जाते, तिच्या वतीने तो निर्णय मी आज घेऊ शकत नाही.

आधी दिवस मोजा

घरातून निघण्यापूर्वी कॅलेंडर काढा. ज्या प्रसंगामुळे शंका आली त्याला किती दिवस झाले, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

बहात्तर तास झाले नसतील तर चाचणीचा विचार बाजूला ठेवा आणि आत्ता उठा. संसर्ग बसू नये म्हणून घ्यायचं औषध असतं, त्याला पेप म्हणतात. ते जितक्या लवकर सुरू होईल तितकं चांगलं, शक्य झालं तर दोन तासांच्या आत, आणि फार फार तर ७२ तासांच्या आत. मग ते २८ दिवस रोज घ्यावं लागतं. निरोध फाटला, जबरदस्ती झाली, दवाखान्यात काम करताना वापरलेली सुई टोचली, असं काही घडलं असेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जाऊन सरळ "पेप हवंय" म्हणा. रात्रीचे दोन वाजले असले तरी जा. सकाळची वाट बघण्यात गेलेले तास परत मिळत नाहीत.

त्याहून जास्त दिवस झाले असतील तर प्रश्न चाचणीचा. इथे बहुतेकांची चूक होते. प्रसंगानंतर आठवड्याभरात चाचणी करतात, निगेटिव्ह येते, सुटलो म्हणतात. शरीरात विषाणू शिरल्यावर तो चाचणीत दिसायला वेळ लागतो, त्या मधल्या काळाला विंडो पीरियड म्हणतात. सरकारी केंद्रातल्या झटपट चाचण्या रक्तातल्या प्रतिपिंडांवर, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या घटकांवर, चालतात, त्यांचा निकाल पक्का धरायला तीन महिने जावे लागतात. मोठ्या लॅबमध्ये शिरेतलं रक्त घेऊन होणारी चौथ्या पिढीची चाचणी प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा पी-२४ हा अंशही शोधते, तिला साधारण ४५ दिवस पुरतात. पण म्हणून तीन महिने हातावर हात ठेवून बसू नका. आज एक चाचणी करा, मुदत पुरी झाल्यावर दुसरी करा, आणि मधल्या काळात निरोधाशिवाय संबंध नको, रक्तदान नको.

रक्तदानाबद्दल थोडं अधिक सांगतो, कारण हा प्रकार मी जवळून पाहिला आहे. शिबिरात रक्त दिलं की आपोआप तपासणी होईल, कुणाला कारणही कळणार नाही, असा हिशेब काही तरुण मुलं करतात. विंडो पीरियडमधलं रक्त तपासणीतून निसटू शकतं आणि ते एखाद्या बाळंतिणीला किंवा थॅलेसीमियाच्या मुलाला चढू शकतं. शंका असताना रक्त देऊ नका.

ज्यांना आठवण्यासारखा प्रसंगच नाही, त्यांनी ही मोजणी सोडून सरळ जावं. क्षयरोग झाला, पुन्हा पुन्हा तोंड येऊन पांढरा थर जमतो, महिनाभर जुलाब थांबत नाहीत, वजन उगाच उतरतंय, तरुणपणी नागीण झाली, नवऱ्याची किंवा बायकोची चाचणी पॉझिटिव्ह आली, गर्भ राहिला, यांपैकी कुठलंही एक कारण पुरेसं आहे.

कुठे जायचं

इंदुरात सगळ्यांना ठाऊक असलेली जागा म्हणजे एम. वाय., महाराजा यशवंतराव चिकित्सालय. तिथे चाचणी केंद्र आहे आणि उपचाराचं एआरटी केंद्रही आहे. चौकशीच्या खिडकीवर "एचआयव्ही" हा शब्द उच्चारायची गरज नाही. "आयसीटीसी कुठे आहे" एवढं विचारा. हे सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्राचं संक्षिप्त नाव आहे आणि रुग्णालयातल्या कुणालाही ते कळतं. अशी केंद्रं जिल्हा रुग्णालयांत आणि अनेक लहान सरकारी दवाखान्यांतही असतात. आपल्या मोहल्ल्याजवळ नको वाटलं तर गावाच्या दुसऱ्या टोकाचं किंवा देवास-उज्जैनचं केंद्र गाठा, पत्ता कुठला आहे म्हणून कुणी परत पाठवत नाही. जवळचं केंद्र कुठलं हे १०९७ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर चोवीस तास विचारता येतं, आणि तिथे स्वतःचं नाव सांगावं लागत नाही. मी पहिला फोन तिथेच केला होता, राजवाड्याजवळ गाडीवर बसून, हेल्मेट न काढता.

सरकारी केंद्रात चाचणी मोफत असते. पैसे वाचतात हे आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे चाचणीच्या आधी आणि नंतर तुमच्याशी बोलणारं माणूस असतं.

खासगी लॅबही चालेल, पण काही गोष्टी सांभाळा. लॅबला मोबाइल क्रमांक स्वतःचा द्या, घरात सगळे मिळून वापरतात तो किंवा बायकोने बिलांसाठी दिलेला तो नको. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवू नका, मी स्वतः येऊन बंद पाकिटात घेईन, असं नमुना देतानाच सांगा. फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गेलात तर रिपोर्टची प्रत त्यांच्याकडेही जाते, ते तुम्हाला चालणार आहे का ते आधी ठरवा. एकदा एका लॅबच्या काउंटरवर माझ्यासमोर एका मुलाने पूर्ण नाव पुकारून, चाचणीचं नाव वाचून रिपोर्ट हातात दिला होता. मागे आठ-दहा माणसं उभी होती. ज्याचा रिपोर्ट होता त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही.

आणि खासगी लॅबच्या एका चाचणीत "रिॲक्टिव्ह", म्हणजे किटने होकार दाखवला असं, आलं तर तो अंतिम निकाल नाही. गरोदरपण, दुसरा एखादा संसर्ग, शरीर स्वतःवरच उलटण्याचे काही आजार यांमुळे पहिली चाचणी फसू शकते. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला फोनवर "रिॲक्टिव्ह आहे" एवढंच सांगितलं गेलं. त्याने अकरा दिवस कोणाशी न बोलता काढले. एम. वाय.ला नेल्यावर तो निगेटिव्ह निघाला. घरी करायच्या किटलाही हेच लागू: दोन रेघा आल्या तर दुसऱ्या दिवशी आयसीटीसी गाठायची.

खोलीच्या आत

सकाळी जा, दुपारी गर्दी विरळ होते पण रक्त घेण्याची वेळही संपत येते. उपाशी राहायची गरज नाही, उलट पोहे खाऊन जा. रिकाम्या पोटी भीतीने चक्कर येते आणि मग सगळ्यांचं लक्ष आपल्याकडेच जातं.

परचा, म्हणजे नोंदणीची चिठ्ठी, काढला की समुपदेशकाच्या खोलीत एकट्याला बोलावतात. नवरा, आई, मित्र, कोणी बरोबर आलं असेल तरी आत कोण बसणार हे तुम्ही ठरवायचं. ते विचारतील: का यावंसं वाटलं, निरोध वापरला होता का, सुईने नशा केली आहे का, कधी रक्त चढवलं होतं का, जोडीदार आहे का. प्रश्न उघडे असतात. मला वाटलं होतं, ही तर माझी चौकशीच चालली आहे. पण समोरच्या ताईंनी वहीतून मान वर न करता दिवसातून वीस जणांना विचारावं तसं विचारलं, आणि त्या कोरडेपणाने मला फार आधार दिला. खरं सांगा. खोटं सांगून दिवसांची मोजणी चुकली तर नुकसान तुमचंच.

मग संमती. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुम्हाला समजावून सांगितल्याशिवाय आणि तुमच्या होकाराशिवाय ही चाचणी करता येत नाही. ऑपरेशनआधी असो की नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत, गुपचूप करायची नाही, आणि नोकरी देण्यासाठी ही चाचणी ही अटच घालता येत नाही. समजलं नाही तर पुन्हा विचारा. हिंदीत अडखळत असाल तर मराठीत बोला. इंदूरच्या सरकारी दवाखान्यात मराठी समजणारं कुणीतरी निघतंच.

तुमच्या नोंदीला एक क्रमांक मिळतो, नमुन्याच्या नळीवर तो असतो. पहिली चाचणी नॉन-रिॲक्टिव्ह आली तर तिथेच थांबतात. रिॲक्टिव्ह आली तर त्याच रक्तावर दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या किटने चाचणी करतात. तिन्ही रिॲक्टिव्ह आल्यावरच पॉझिटिव्ह म्हणतात. म्हणून बसायला जास्त वेळ लावला तर मनाचे खेळ सुरू होतात. "माझाच इतका वेळ का लागतोय?" गर्दी, यंत्र, तंत्रज्ञाचं जेवण, कारण काहीही असू शकतं. बहुतेकदा निकाल त्याच दिवशी मिळतो. जमलं तर थांबून घ्या. "उद्या येतो" म्हणून गेलेली माणसं महिन्याने येतात, काही येतच नाहीत.

कागद हातात येतो

निगेटिव्ह असेल आणि मुदत पुरी झालेली असेल, तर विषय मिटला. मुदत पुरी नसेल तर पुढची तारीख तिथेच मोबाइलमध्ये टाका.

कधी निकाल अधांतरी येतो, एक किट हो म्हणतं, दुसरं नाही. मग साधारण दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यावं लागतं. हा काळ वाईट जातो. त्या काळात इंटरनेटवर लक्षणं शोधत बसू नका. माणूस आपला घसा, आपल्या गाठी, आपला घाम तपासत बसतो आणि त्यातून काही कळत नाही.

पॉझिटिव्ह असेल तर समुपदेशक आधी दार लावून घेतात. माझ्या वेळी ताई म्हणाल्या, "भैया, पहले पानी पी लो." त्या दोन शब्दांतच मला कळलं. नंतर त्या वीस मिनिटं बोलल्या आणि त्यातलं मला एक वाक्यही आठवत नाही. म्हणून सांगतो: जवळ कागद-पेन ठेवा, किंवा त्यांनाच लिहून द्यायला सांगा. लिहून घ्यायच्या गोष्टी फक्त तीन आहेत: एआरटी केंद्रात कधी आणि कुठल्या खोलीत जायचं, बरोबर काय न्यायचं, आणि अडलं तर फोन कुणाला करायचा. बाकी सगळं नंतर पुन्हा विचारता येतं, कितीही वेळा.

रडू आलं तर रडा. बाहेर पडण्याची घाई करू नका. मी घाई केली, गाडी काढली आणि छावणीच्या चौकात लाल दिवा तोडला. त्या दिवशी गाडी चालवू नका, रिक्षा करा.

पहिले तीन दिवस

या तीन दिवसांत कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. राजीनामा नाही, लग्न मोडणं नाही, विम्याचे कागद काढणं नाही, देवघरासमोर शपथा नाहीत. आणि "हे कुठून आलं" याचा पंचनामा नाही. माझं उत्तर मला ठाऊक होतं: लग्नाआधी बाहेरगावी नोकरी करत असतानाचे दिवस, निरोधाशिवाय. ते उत्तर ठाऊक असूनही मी रात्रभर तारखा जुळवत बसलो होतो, जणू तारीख सापडली तर निकाल बदलेल. उपचाराला त्या उत्तराची गरज नसते.

घरात काहीही वेगळं करायचं नाही. ताट-वाटी, टॉवेल, संडास, मुलांना मांडीवर घेणं, एका ताटात जेवणं, यातून एचआयव्ही पसरत नाही. डासातूनही नाही. फक्त दाढीचं ब्लेड, टूथब्रश आणि साखर तपासायची सुई ज्याची त्याची वेगळी असावी, आणि ती तर कुठल्याही घरात असायलाच हवी. मी पहिल्या रात्री स्वतःचा पेला वेगळा ठेवला. आईने सकाळी विचारलं, "पेला का रे वेगळा?" आपणच आपल्यावर शिक्का मारतो तो असा.

जीव नकोसा वाटला, मनात तसे विचार आले, तर त्या क्षणी एकटे बसू नका. १०९७ आहे, मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा क्रमांक आहे, दोन्हीकडे रात्रीही माणूस बोलतं.

कुणाला सांगायचं

इथे मी सर्वात जास्त चुकलो.

तिसऱ्या दिवशी मी मामेभावाला सांगितलं. तो मनाने चांगला, माझ्यासाठी धावून येणारा. पण त्याला ते पेलवलं नाही. त्याने वहिनीला सांगितलं, वहिनीने काळजीपोटी तिच्या बहिणीला. वर्षभर मी प्रत्येक लग्नात लोकांच्या नजरा मोजत होतो. सांगायचं ते माणूस जवळचं आहे म्हणून नव्हे, त्याला गुपित पोटात ठेवता येतं म्हणून. त्याने पूर्वी दुसऱ्या कुणाची गोष्ट तुम्हाला सांगितली आहे का, ते आठवा. सांगितली असेल तर तो माणूस नव्हे.

कायद्याने तुमचा निकाल तुमचा आहे. डॉक्टर, नर्स, लॅबमधला माणूस, ऑफिस, कुणीही तुमच्या लेखी संमतीशिवाय तो बाहेर सांगू शकत नाही, आणि कोर्टाच्या कामकाजातून कळलेला निकाल बाहेर फोडणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आई-वडिलांना, सासरच्यांना, मालकाला सांगायची तुमच्यावर सक्ती नाही. दवाखान्याने याच कारणाने उपचार नाकारणं, मालकाने कामावरून काढणं, शाळेने मुलाला प्रवेश न देणं हे बेकायदा आहे, आणि त्याची तक्रार ऐकण्यासाठी राज्याने लोकपाल नेमायचा असतो. तक्रार करताना कागद जपून ठेवा, फोनवरच्या बोलण्याचा दिवस-वेळ लिहून ठेवा. एआरटी केंद्रातले समुपदेशक पुढचा रस्ता सांगतात.

जोडीदाराची गोष्ट वेगळी आहे. ज्याच्याबरोबर आपण झोपतो त्याच्या रक्ताचा प्रश्न आहे. समुपदेशक तुम्हाला सांगायला उद्युक्त करतील, वेळ देतील, तुमच्याऐवजी समोर बसून बोलायलाही तयार होतील. तरीही तुम्ही सांगत नसाल आणि जोडीदाराला खरा धोका असेल, तर तुम्हाला आधी कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात. बाईला मारहाण किंवा घराबाहेर काढलं जाण्याची भीती असेल तर मात्र असं सांगायचं नाही, हेही त्या कायद्यात आहे. बहिणींनो, तुमच्या घरी तशी भीती असेल तर ते समुपदेशकाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा.

मी बायकोला नवव्या दिवशी सांगितलं. घरी नाही, कारण घरात भिंतीपलीकडे आई होती. आम्ही नेहरू पार्कमध्ये एका बाकावर बसलो. मी प्रस्तावना लावत राहिलो, ती घाबरत गेली. प्रस्तावना नको. पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाका: "माझी एचआयव्हीची चाचणी पॉझिटिव्ह आली आहे. औषध आहे, आणि तुझीही चाचणी करायला हवी." मग गप्प बसा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इतके दिवस एकट्याने काढलेत?" आणि मग, "माझी तपासणी कधी करायची?" राग नंतर आला, बरेच महिने राहिला, आणि तो तिचा हक्क होता. तिची चाचणी निगेटिव्ह आली, तीन महिन्यांनी पुन्हा निगेटिव्ह.

सगळ्यांच्या घरी असं होत नाही हे मला माहीत आहे. काही घरं मोडलेली पाहिली. पण उशिरा कळल्यामुळे मोडलेली घरं जास्त पाहिली.

एआरटी केंद्र

नोंदणीला ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो आणि आयसीटीसीचा रिपोर्ट न्या. एचआयव्हीची औषधं भारतात सरकारतर्फे १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळतात. माझ्या वेळी सीडी-४, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशींची, संख्या एका मर्यादेखाली गेल्यावरच औषध सुरू करत. माझी २१२ होती, म्हणून लगेच मिळालं. माझ्याबरोबर नोंदणी झालेल्या एकाची संख्या जास्त होती, त्याला "नंतर या" म्हटलं. तो दीड वर्षाने क्षयरोग घेऊन आला. २०१७ पासून ती अट गेली: पॉझिटिव्ह आला की औषध, शक्य तितक्या लवकर. क्षयरोगासारखा काही संशय असेल तरच आधी तपासण्या होतात.

सुरुवातीला रक्ताच्या तपासण्या करतात: सीडी-४, मूत्रपिंड, यकृत, हिमोग्लोबिन, कावीळ ब आणि क, गरमी (सिफिलिस). खोकला, ताप, रात्रीचा घाम, घटलेलं वजन हे दर वेळी विचारतात, कारण एचआयव्हीबरोबर क्षयरोग हाच आपल्याकडचा मोठा शत्रू आहे. लपवू नका. सीडी-४ कमी असेल तर काही काळ इतर संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमोक्साझोल या सल्फा औषधाची गोळीही देतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

आता मुख्य गोळी बहुतेकांना एकच असते, दिवसातून एकदा: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र, केंद्रात तिला टीएलडी म्हणतात. माझ्या सुरुवातीच्या गोळीत एफाव्हिरेन्झ होतं, त्याने पहिले तीन आठवडे इतकी विचित्र स्वप्नं पडत की झोपायला भीती वाटे. पुढे गोळी बदलली आणि तो त्रास संपला. नव्या गोळीने काहींची झोप उडते, त्यांनी ती सकाळी घ्यावी. डोकं दुखतं, मळमळतं, पण बहुतेकदा दोन-चार आठवड्यांत थांबतं. वजन वाढू शकतं. ॲसिडिटीचं पातळ औषध, लोह आणि कॅल्शियम या गोळीला पोटात अडवतात, म्हणून एचआयव्हीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा क्षयरोगाची औषधं चालू असतील तर डॉक्टर मात्रा बदलतात. म्हणून दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी घेत असलेल्या औषधाचं नाव सांगा.

गोळी चुकवायची नाही. कुणाला कळू नये म्हणून लोक डबी कुठेतरी दडवतात आणि मग घरात पाहुणे आले की गोळी राहते. मी ती डबीतून काढून जीवनसत्त्वाच्या रिकाम्या बाटलीत भरली, आतली ओलावा शोषणारी पुडी तशीच आत टाकून, आणि चहाच्या वेळेशी बांधून टाकली. आईला वाटायचं ताकदीची गोळी आहे. खोटं नव्हतं ते. एक गोळी विसरलात तर आठवताक्षणी घ्या, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका.

आणि कुणी चूर्ण, काढा, मंत्र, "सहा महिन्यांत निगेटिव्ह" असं काही सांगितलं तर ऐकून घरी या. एचआयव्ही शरीरातून काढून टाकणारं घरगुती औषध नाही. गोळी थांबवली की दबलेला विषाणू काही आठवड्यांत पुन्हा डोकं वर काढतो, आणि काही वेळा त्याच गोळीला दाद न देणारा होऊन.

सहाव्या महिन्याचं रक्त

औषध सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी व्हायरल लोड तपासतात, म्हणजे एका मिलिलिटर रक्तात विषाणूच्या किती प्रती आहेत ते. मग बाराव्या महिन्यात, मग वर्षातून एकदा. हा आकडा मागून घ्या, "ठीक आहे" एवढ्यावर उठू नका. तो जास्त आला तर बहुधा गोळ्या चुकलेल्या असतात. समुपदेशकांना खरं सांगा, आधी तीच गोष्ट सुधारतात, मग पुन्हा रक्त घेतात, आणि तरीही जास्त राहिला तर औषध बदलतात.

आकडा २०० च्या खाली टिकून राहिला तर संभोगातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. हे मी माझ्या दिलाशासाठी लिहीत नाही. एक जोडीदार पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह अशा शेकडो जोडप्यांवर युरोपात झालेल्या पार्टनर नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली आणि पुढे २०१९ साली छापून आले. निरोधाशिवायच्या हजारो संबंधांत, आकडा दबलेल्या जोडीदाराकडून एकही संसर्ग झालेला आढळला नाही. निरोध बाकीच्या गुप्तरोगांसाठी लागतोच, आणि आकडा दबल्याची खात्री होईपर्यंत तर लागतोच लागतो.

आमच्या घरी मुलीचा विचार याच आकड्यावर सुरू झाला. डॉक्टरांशी बोलून, सलग दोन रिपोर्ट चांगले आल्यावर. २०१७ साली ती झाली. बाळाला एचआयव्ही आईकडून जातो, बापाकडून थेट नाही. आई निगेटिव्ह राहिली म्हणून मुलीला धोकाच नव्हता. आई पॉझिटिव्ह असली तरी घाबरून गर्भ पाडायला धावू नका. उपचार नसताना बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण शंभरात १५ ते ४५ असतं, आईने औषध घेतलं आणि बाळालाही जन्मल्यावर औषध दिलं तर ते पाचाच्या खाली येतं. म्हणून गरोदरपणाच्या पहिल्या नोंदणीलाच ही चाचणी करतात, आणि पॉझिटिव्ह आलेल्या आईच्या बाळाचं रक्त सहाव्या आठवड्यापासून तपासत जातात. अंतिम खात्री दीड वर्षाच्या वयात होते.

गाव सोडताना

इंदूरची मराठी मुलं शिकायला-नोकरीला पुण्याला जातात, तिथून कुठेही. त्यातल्या काहींनी नव्या गावी ओळख नको म्हणून गोळीच सोडली. असं करू नका. निघण्याआधी केंद्रात सांगा, ते तुमची बदली नव्या गावच्या केंद्रात करून देतात आणि कागद देतात. थोड्या दिवसांचा प्रवास असेल तर जास्त दिवसांच्या गोळ्या मागा. आकडा दबलेला असेल तर बऱ्याच जणांना एकदम तीन महिन्यांच्याही मिळतात. गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवा, काही हातातल्या पिशवीत, काही बॅगेत, कारण रेल्वेत बॅग जाते. आणि रुग्णपुस्तिकेच्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, कुलपाच्या फोल्डरमध्ये.